ताई, वाकून बघ

“वन्सं, आज तुम्ही पुढच्या खोलीत येऊ नका,” सुरेखानं पोह्यांचा कांदा चिरता चिरता सांगितलं, मीठ संपलंय म्हणून सांगावं इतक्या सहज. आणि मागच्या अंगणात भिजल्या वेताची पट्टी बोटांतून ओढून घेणाऱ्या अहिल्याताईंचे हात जागच्या जागी थांबले.

“किती वाजता येणार आहेत पाहुणे?” त्यांनी विचारलं.

“चारला. तासाभराचाच प्रश्न आहे. मुलीच्या आत्याला दिसत नाही म्हटलं की माणसं लगेच रक्तात काही आहे का ते बघतात. एकदा ठरलं की मग सांगूच की. तुम्हाला काय समजवायचं, तुम्ही समजून घेणाऱ्या.”

“चारूनं सांगितलंय असं?”

सुरेखाची सुरी क्षणभर थांबली. “ते म्हणाले, तूच सांग. मला जमायचं नाही.”

अहिल्याताईंनी मान हलवली आणि पट्टी पुन्हा खुर्चीच्या भोकात ओवली. चारूला जमायचं नाही. कधीच जमलं नव्हतं त्यांच्या या धाकट्या भावाला... तेवढ्यात नयनाची पावलं वाजली. नव्या साडीचा करकरता आवाज करत ती आत्याजवळ उकिडवी बसली आणि तिनं त्यांच्या ओल्या मनगटावर हात ठेवला. त्या हाताला पावडरचा वास होता.

“आत्या, प्लीज, हाँ? बस एक घंटे की बात है.”

“तुला एक आत्या आहे, हे त्या सुरेशला ठाऊक आहे का गं?”

नयनानं हात काढून घेतला. विद्यापीठात तिला दोन वर्षं सीनियर असलेला, आता तिथंच शिकवायला लागलेला हा मुलगा घरी येण्याआधीच तिच्या मनात येऊन बसला होता, हे सगळ्या घरात फक्त आत्यालाच माहीत होतं. तो कसा हसतो, चहात किती साखर घालतो, सगळं तिनं याच अंगणात बसून आत्याला सांगितलं होतं. आत्याबद्दल मात्र त्याला काही सांगितलं नव्हतं.

“बाद में बताऊँगी ना. पक्का.”

“बरं,” अहिल्याताई म्हणाल्या. “केसांत फूल घातलंयस का? घाल.”

ती उठून गेली. ज्या पोरीला त्यांनी मांडीवर आडवं घेऊन न्हाऊ घातलं, गोवराच्या तापात जिच्या उशाशी बसून त्यांनी थर्मामीटर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो म्हणून स्वतःच्या गालानं ताप मोजला, तिनंही सांगितलं... आत बस म्हणून. सुरेखाचं लागलं नव्हतं त्यांना. हे लागलं.

त्या काळी सेक्टर बावीसमधल्या सरकारी क्वार्टर्सना पुढे बोटभर हिरवळ आणि मागे विटांच्या भिंतीचं अंगण असे, आणि अंगणाचं दार मागच्या गल्लीत उघडे. त्या दारानं सरदार गुरमुखसिंग दर सोमवारी हातगाडीवर खुर्च्या आणायचा. चंदीगडच्या सगळ्या कचेऱ्यांतून त्या एकाच घडणीच्या खुर्च्या होत्या, जाड सागवानी, तिरक्या पायांच्या, पाठीला आणि बैठकीला वेताची जाळी. नवं शहर वसवताना हजारोंनी केलेल्या त्या खुर्च्यांची जाळी आता बसून बसून फाटायला लागली होती, आणि अहिल्याताई त्या पुन्हा विणत. लहानपणी मुंबईच्या एका अंधशाळेत चार वर्षं राहून त्या हे काम शिकल्या होत्या. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरप्या; भोकात खुंटी ठोकून ताण धरायचा, आणि जाळीवर टिचकी मारली की डफासारखा आवाज आला पाहिजे. साहेबाची बहीण वेत विणते हे कॉलनीत कळायला नको म्हणून चारुदत्तानं एकच अट घातली होती: खुर्च्या मागच्या गल्लीतून याव्यात आणि मागच्या गल्लीतूनच जाव्यात.

गुरमुखसिंग मात्र त्यांना म्हणायचा, “बहनजी, अंधशाळेवाले मला कितीदा विचारतात. तिथल्या मुलींना शिकवायला कुणी नाही. राहायला खोली देतात. तुम्ही हाँ म्हणा.” त्या दरवेळी हसून विषय टाळत. कशासाठी टाळत होत्या, हे त्या सरदाराला सांगता येण्यासारखं नव्हतं. कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं.

त्या एका वाक्याची वाट पाहत होत्या. चव्वेचाळीस वर्षं.

तासगावचं घर, दिवाळीआधीचे दिवस. घराला सफेदी द्यायची म्हणून परसात पिंप मांडलेलं आणि कळीचा चुना विरवायला आणून ठेवलेला. अहिल्या नऊ वर्षांची, चारू सहा वर्षांचा. पाण्यात खडा पडला की ते कसं खदखदतं, वाफा येतात, हे पाहून त्याला केवढी मौज वाटली होती. “ताई, वाकून बघ, वाकून बघ ना,” तो म्हणाला, आणि ती वाकली. पिंपाच्या पलीकडे त्याचा चेहरा होता, पुढचा एक दात पडलेला, आनंदानं फुललेला. आणि त्याच्या मुठीत त्याच्या मुठीएवढाच पांढरा खडा. तो खडा पडला... आणि त्यानंतर अहिल्येनं या जगातलं काहीही पाहिलं नाही.

वडिलांनी, अण्णांनी, वेताची छडी उचलल्याचा आवाज तिला डोळ्यांवरच्या ओल्या फडक्याखालीही ऐकू आला होता. “कुणी टाकला खडा? चारू, तू?” चारूचे नुसते दात वाजत होते. तेव्हा ती म्हणाली, “मीच टाकला, अण्णा.” सहा वर्षांच्या भावाला मार बसू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. उद्या सकाळी दिसायला लागेल असंच तिला वाटत होतं ना!

पुढे अण्णा गेले, आई गेली, तासगाव सुटलं. लग्न ठरताना चारुदत्तानं सुरेखाला सांगितलं, “ताईला लहानपणी देवी आल्या, त्यात डोळे गेले.” का सांगितलं, ते अहिल्याताईंना बरोबर कळलं. चुना हा शब्दच त्याला घरात नको होता. सरकारी माणसं क्वार्टरला सफेदी द्यायला आली की तो दौऱ्यावर तरी जायचा, नाहीतर दिवसभर कचेरीत बसायचा. त्यांनी ते खोटंही सांभाळलं. त्याला वाटत असे की ताईनं काही पाहिलं नाही, खरोखरच स्वतःच्या हातून झालं असं ती समजते. वाटू दे. पण एकदा, निदान एकदा, तिच्याजवळ बसून त्यानं म्हणावं, ताई, तो खडा मी टाकला होता... दर भाऊबीजेला ओवाळताना त्या डाव्या हातानं त्याचं कपाळ चाचपत, उजव्या हाताच्या बोटानं कुंकू लावत, आणि हात क्षणभर तिथंच ठेवत. यंदा बोलेल. ते कुंकू हमखास वाकडं लागे, आणि सुरेखा पुढे होऊन पदराच्या टोकानं ते पुसून नीट करी.

चार वाजले. पुढच्या खोलीत पाहुणे आले. पिंजोरच्या कारखान्यातले मुरलीधरपंत मोहरील, त्यांची पत्नी रागिणीबाई आणि सुरेश. अहिल्याताई अंगणात खुर्चीपुढे बसून आतले आवाज ऐकत होत्या. सुरेश खरंच नयना म्हणाली होती तसाच हसत होता, आधी थांबून मग एकदम.

“ही खुर्ची कुणाकडून विणून घेतलीत हो?” रागिणीबाईंचा आवाज आला. “आमच्याकडची जाळी सहा महिन्यांत खाली लोंबते. आणि ही बघा, कशी ताठ आहे.”

“एक सरदारजी आहे,” सुरेखा म्हणाली. “तो देतो करून.”

अहिल्याताईंच्या बोटांनी एक खुंटी चाचपली, काढली, पुन्हा ठोकली.

पोहे झाले, चहा झाला. मग कुणाला काही सुचायच्या आत, हात धुवायला म्हणून रागिणीबाई थेट मागच्या नळावर आल्या. सुरेखा “इकडे, इकडे बेसिन आहे,” म्हणत मागून धावेपर्यंत त्या अंगणात उभ्या होत्या.

“अगंबाई. आपण कोण?”

“मी चारुदत्तची थोरली बहीण. अहिल्या.” बोलू नका असं कुणी सांगितलं नव्हतं, येऊ नका एवढंच सांगितलं होतं.

“म्हणजे ही जाळी...”

“मीच विणते.”

रागिणीबाईंना कळायला वेळ लागला नाही. सुरेखा घाईघाईनं म्हणाली, “वन्संना लहानपणी देवी आल्या होत्या. त्यात हे झालं. दुसरं काही नाही हो.”

 मग रागिणीबाईंनी नळ बंद केला आणि ओल्याच बोटांनी अहिल्याताईंचा गाल हळूच चाचपला, कापडाचा पोत बघावा तसा.

“माझ्या थोरल्या जावेला देवी आल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “सगळ्या चेहऱ्याची चाळण झाली होती तिच्या. यांच्या तोंडावर एक वण नाही.”

सुरेखाचा श्वास अडकलेला अहिल्याताईंना ऐकू आला. चोवीस वर्षं एका घरात राहून, रोज समोरासमोर बसून जेवून, तिनं हा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. आणि ज्यानं ते खोटं रचलं त्यानंही. त्यानं तर पाहायचं टाळलंच होतं.

“चला, बाई, तुम्ही आत चला,” रागिणीबाई म्हणाल्या आणि त्यांनीच हात धरून अहिल्याताईंना पुढच्या खोलीत नेलं. तीन वर्षांपूर्वी सुरेखाच्या भिशीच्या बायका यायला लागल्यापासून त्या खोलीत दुपारच्या वेळी अहिल्याताईंनी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवाणाच्या कडेवर बसल्या.

“मी स्पष्ट बोलते, राग मानू नका,” रागिणीबाई म्हणाल्या. “मुलगी मला आवडलीय. पण जे लपवून ठेवलं जातं त्याचीच भीती वाटते हो. उद्या पाळण्यातल्या बाळाला दिसतंय का म्हणून दिवा दाखवताना माझा हात कापायला नको. देवी नव्हत्या, मग डोळे गेले कशानं? तुमच्या घराण्यात आहे का काही? तुम्हीच सांगा, साहेब.”

 मुरलीधरपंत खाकरले. “अगं, जरा दमानं,” ते पुटपुटले. सुरेश म्हणाला, “आई, मला त्यानं काही फरक पडत नाही,” पण त्याच्या आवाजात मघाचं हसू नव्हतं. नयनाच्या बांगड्या किणकिणल्या आणि एकदम मुठीत धरल्यासारख्या थांबल्या.

अहिल्याताई कान देऊन ऐकत होत्या. चारुदत्त खिडकीजवळच्या खुर्चीत होता. ती खुर्ची त्यांनीच विणलेली. तिचा प्रत्येक आवाज त्यांना पाठ होता. जाळी करकरली. तो पुढे सरकला होता... आता तो उठेल. आता म्हणेल. आपल्या पोरीसाठी तरी म्हणेल! चव्वेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य या खोलीत, या परक्या माणसांसमोर, एका श्वासाच्या अंतरावर उभं होतं, आणि अहिल्याताईंना जे होत होतं ते सुख की भय, हे त्यांनाच उमगेना. खुर्ची आणखी एकदा करकरली. जाळीवरचं वजन उठलं, अर्ध्यातच थांबलं, आणि हळूहळू, अगदी हळूहळू, पुन्हा खाली बसलं.

तो आवाज अहिल्याताईंनी शेवटपर्यंत ऐकला. मग त्या बोलल्या.

“देवी नाहीत, बाई. चुना. घराला सफेदी द्यायची होती. मी पोर होते, खेळायला म्हणून पिंपात खडा टाकला आणि वाकून बघत बसले. आमच्या घराण्यात कुणाचे डोळे गेले नाहीत. माझा भाऊ... त्याला बिचाऱ्याला माझी लाज झाकायची होती, म्हणून त्यानं देवी सांगितल्या.”

“अरेरे,” मुरलीधरपंत म्हणाले. रागिणीबाईंनी अहिल्याताईंचे दोन्ही हात हातात घेतले, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी वेतानं सोललेल्या त्या बोटांवर पडलं. त्या बाईला आपण फसवलं नाही, निम्मं तर खरं सांगितलं, असं अहिल्याताईंनी मनाला समजावलं. पेढे आणायला कुणीतरी सेक्टर बावीसच्या बाजारात गेलं. नयनानं वाकून सगळ्यांना नमस्कार केला. आत्यालाही केला, सगळ्यांत शेवटी.

पाहुणे गेल्यावर सुरेखा धुसफुसली. “इतकी वर्षं मला देवी म्हणून सांगितलंत. आज त्या बाईसमोर माझं तोंड कुठं झाकू?”  मग चारुदत्त बहिणीजवळ आला, उभा राहिला. त्याचा श्वास त्यांना ऐकू येत होता. आता तरी... खोलीत कुणी परकं नव्हतं.

“ताई,” तो म्हणाला, “चहा घेतेस का थोडा?”

“नको,” अहिल्याताई म्हणाल्या.

त्या एका शब्दानं त्यांच्या आतलं काहीतरी, जे चव्वेचाळीस वर्षं ताणून धरलं होतं, सैल पडलं. पुढच्या सोमवारी गुरमुखसिंग गल्लीच्या दाराशी आला तेव्हा त्यांनी विचारलं, “भाईसाब, वो स्कूलवाली खोली अब भी है?”

मे महिन्यात लग्न झालं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून अहिल्याताईंना मांडवात पुढे बसवलं होतं. बायका येऊन त्यांच्या हातावर हळदीकुंकू ठेवत आणि पाठ वळताच एकमेकींना सांगत, “स्वतःच टाकला म्हणे खडा. पोरवय. नशीब बघा.” दोन पावलांवर चारुदत्त अक्षता वाटत होता. त्यालाही ते ऐकू येत होतं. आठवड्यानं अहिल्याताई एक ट्रंक आणि वेताची हत्यारं घेऊन अंधशाळेतल्या खोलीत राहायला गेल्या. “लोक काय म्हणतील, ताई?” एवढंच तो म्हणाला. त्या म्हणाल्या, “सांग, देवी आल्या होत्या.”

तिथं नऊ मुली होत्या. पंजाबच्या, हिमाचलच्या, एकीलाही मराठी येत नव्हतं आणि अहिल्याताईंची हिंदी ऐकून सगळ्या हसायच्या. पण महिन्याभरात त्यांची बोटं एकमेकींना समजायला लागली. खुर्च्या आता पुढच्या फाटकातून येत.

दिवाळी आली. भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी जायचं असतं. आजवर अहिल्याताईंना घर नव्हतं म्हणून त्या भावाच्याच घरी त्याला ओवाळत. यंदा पहिल्यांदा त्यांच्या दाराची कडी वाजली. तबक त्यांनी सकाळपासून मांडून ठेवलं होतं. तो येईल की नाही, याची खात्री नसताना.

चारुदत्त एकटाच आला होता. “सुरेखानं करंज्या दिल्यात,” म्हणत त्यानं डबा ठेवला. पाटावर बसला. अहिल्याताईंनी निरांजन लावलं, आणि डाव्या हातानं त्याचं कपाळ शोधलं. ते खाली झुकलेलं होतं.

“ताई... तो खडा तू नव्हता टाकलास.”

त्यांचा हात तिथंच राहिला.

“मी टाकला. तुला वाकून बघ म्हणालो, आणि मी टाकला. त्या दिवशी रागिणीबाईंसमोर मी उठलो होतो गं, अर्धा उठलो होतो... सहा वर्षांचा झालो मी पुन्हा. अण्णांची छडीच दिसायला लागली.” तो रडत होता, पन्नाशीचा माणूस, तोंडात रुमाल कोंबून.

“मला माहीत आहे, चारू.”

“काय माहीत आहे?”

“तुझा पुढचा दात पडला होता. खडा उजव्या हातात होता. तुझा चेहरा मी शेवटचा पाहिला. त्याच्यानंतर पाहायला काही आलंच नाही, मग तो विसरू कसा?”

हे ऐकून त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचाही नव्हता. अहिल्याताईंना वाटलं होतं की हे वाक्य ऐकलं की सगळं धुऊन जाईल, आणि आपण त्याला पोटाशी धरू. तसं काही झालं नाही. गेली ती वर्षं गेलीच होती. त्यांच्याऐवजी हातात एक ओलं कपाळ आलं होतं. त्यांनी तबक उचललं नाही. हात मागे घेतला.

“एकांतात मला सांगून काय रे करतोस? मला तर ठाऊकच होतं. त्या खोलीत नयना होती. माझ्या आत्यानं पोरखेळात आपले डोळे घालवले, असं ती आता सासरी सांगत असेल. तिला सांगून ये. मग ओवाळीन.”

“ताई, ती काय म्हणेल मला...”

“ते तू ऐक. मी पुष्कळ ऐकलं.”

तो उठला. बराच वेळ दारात उभा राहिला, आणि मग त्याची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. घरी गेला की विद्यापीठाच्या क्वार्टर्समध्ये नयनाकडे, हे आवाजावरून कळत नव्हतं. अहिल्याताई पाटासमोर बसून राहिल्या. निरांजनाची ऊब हाताच्या पाठीवर लागत होती. हळूहळू ती कमी झाली आणि तुपाच्या जळक्या वातीचा वास आला. मुली जेवायला बोलवायला आल्या, त्यांना त्यांनी परत पाठवलं. उन्हाची तिरीप पायांवरून सरकून भिंतीकडे गेली.

मग स्कूटरचा आवाज आला, आणि दोन माणसांची पावलं. बांगड्या वाजल्या. नयना त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि तिनं त्यांच्या मांडीत डोकं खुपसलं. आणि त्या घरातली ही पोर, जी आत्याला नेहमी हिंदीतच उत्तर द्यायची, मराठीत बोलली. “मीपण तुला लपवलं होतं, आत्या. बाबांनी तेव्हा, आणि मी त्या दिवशी.”

“हो,” अहिल्याताई म्हणाल्या. नाही गं, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण त्यांचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. “निरांजन विझलंय. काडी ओढ बघू.”

चारुदत्त पाटावर बसला. अहिल्याताईंनी डाव्या हातानं कपाळ चाचपलं. मनातला चेहरा सहा वर्षांचा होता, दात पडलेला, आनंदानं फुललेला. बोटांखाली सुरकुत्या होत्या आणि विरळ झालेले केस. या दोहोंच्या मधलं काहीच त्यांना कधी दिसलं नव्हतं. त्यांनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तबक ओवाळलं.

नयनाचा पदर सळसळला. आईची सवय तिनं उचलली होती. “आत्या, थोडं वाकडं लागलंय, मी पुसून...”

“राहू दे,” चारुदत्त म्हणाला. “तसंच राहू दे.”

तसंच वाकडं कुंकू कपाळावर घेऊन तो पुढच्या फाटकानं बाहेर पडला.